पाचव्या अंकाची वाट

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात जमलेल्या प्रेक्षकांनी शकुंतलेला सासरी निघताना पाहिले. सासरी पोहोचताना पाहिले नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा तो पहिला प्रयोग होता आणि त्यात पहिले चारच अंक होते. कण्वांनी लेकीला निरोप दिला, हरणाच्या पाडसाने तिचे वस्त्र धरून ठेवले, सख्यांचे डोळे भरून आले आणि खेळ संपला. पुढे सातही अंक रंगभूमीवर आले. पण त्या दिवशी घरी परतणाऱ्यांच्या मनातली शकुंतला अजून वाटेवरच होती.

कालिदासाच्या प्रभावाचा विचार करताना हा चार अंकांचा प्रयोग माझ्या मनातून जात नाही. कंपनीची तयारी तेवढीच झाली असेल, कारण साधे व्यवहाराचे असेल. तरीही गेल्या सव्वादोनशे वर्षांत जगभरच्या कवींनी, चित्रकारांनी, संगीतकारांनी आणि नाटकवाल्यांनी ‘अभिज्ञानशाकुंतल’चे जे केले, ते बहुतांशी असेच आहे. त्यांनी तपोवन घेतले, भुंगा घेतला, कमळाच्या पानावरचे पत्र घेतले, निरोप घेतला. पाचव्या अंकापाशी मात्र बहुतेकांची पावले थबकली. ज्या थोड्यांनी तो उंबरठा ओलांडला, त्यांच्या हातून घडले ते मला अधिक टिकाऊ वाटते.

आपल्या परंपरेनेच याला आधार दिला आहे. काव्यात नाटक, नाटकांत शाकुंतल, शाकुंतलात चौथा अंक आणि त्या अंकात चार श्लोक, अशी उतरंड लावणारे सुभाषित संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असते. आमच्या पिढीतल्या अनेकांनी वर्गात चौथा अंकच वाचला, आणि त्या वयात कण्वांचा गहिवर मनाला भिडला तो कायमचा. त्या अंकाची थोरवी मी नाकारत नाही. घरातून मुलगी निघते त्या क्षणाचे इतके संयत चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण निरोपाला वजन येते ते पुढे काय होणार आहे त्यामुळे. दुर्वासांचा शाप त्या अंकाच्या आरंभीच उच्चारला गेलेला असतो. सख्यांना तो माहीत असतो, प्रेक्षकांना माहीत असतो, शकुंतलेला नसतो. तिच्या पायांखालची वाट आधीच खचलेली आहे आणि ती झाडांचा, वेलींचा निरोप घेत उभी आहे. पाचवा अंक काढून टाकला तर चौथा केवळ हळवा उरतो.

कालिदासाने कथा कुठून उचलली आणि तिचे काय केले, हे आधी पाहायला हवे. महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला लाजरीबुजरी नाही. गांधर्वविवाहाला होकार देण्याआधीच ती अट घालते की तिचा मुलगा राजा झाला पाहिजे. वर्षांनी ती मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा राजाला सगळे आठवत असते. तो न आठवल्याचे सोंग करतो. ती त्याला सर्वांसमक्ष खडे बोल सुनावते आणि शेवटी आकाशवाणी होते तेव्हा कुठे तो कबूल होतो. लोकांना संशय राहू नये म्हणून आपण असे वागलो, अशी सबबही देतो. व्यासांच्या कथेत शाप नाही, अंगठी नाही, कोळी नाही, मासा नाही.

अंगठीचा धागा जुना असावा. कट्ठहारी जातकात लाकडे गोळा करणारी एक मुलगी आहे, तिला अंगठी देऊन गेलेला राजा आहे, आणि दरबारात ती अंगठी पाहूनही ‘ही माझी नव्हे’ म्हणणारा तोच राजा आहे. तिथेही अंगठी हरवत नाही. राजा खोटे बोलतो. कालिदासाने या दोन खोटे बोलणाऱ्या राजांच्या जागी खरोखर विसरलेला राजा आणला. खोटेपणाची विस्मृती झाली. हा बदल राजाला सोडवण्यासाठी होता, असे म्हणता येते आणि तसे म्हटलेही गेले आहे. रोमिला थापर यांनी १९९९ साली शकुंतलेवर जे पुस्तक लिहिले, त्यात महाकाव्यातली स्वाभिमानी स्त्री नाटकात सोशिक कशी झाली आणि नंतरच्या काळांनी त्या सोशिकपणाचा आदर्श कसा केला, याचा मागोवा आहे. तो मला पटतो. पण नाटककाराच्या हाती काय लागले तेही पाहावे. खोटे बोलणाऱ्या माणसासमोर स्त्री उभी राहिली की नाट्य कोण जिंकणार याचे असते. प्रामाणिकपणे विसरलेल्या माणसासमोर ती उभी राहिली की दोघेही खरे बोलत असतात आणि तरी एकाचे आयुष्य उद्ध्वस्त होते. तिला पुरावा मागितला जातो. ती बोटाकडे पाहते. बोट रिकामे असते.

मराठीत आपण ‘ओळख पटवणे’ म्हणतो. माणूस समोर उभा असला तरी त्याची ओळख पटवावी लागते: खुणेने, कागदाने, साक्षीदाराने. ‘अभिज्ञान’ या शब्दाचा अर्थ हाच, ओळखीची खूण. नाटकाच्या नावातच कालिदासाने नायिकेच्या आधी खूण ठेवली आहे.

युरोपात हे नाटक गेले ते कलकत्त्यातून. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून १७८३ मध्ये तिथे आलेले विल्यम जोन्स संस्कृत शिकत होते. ‘नाटक’ म्हणून जे काही आहे ते नेमके काय, असा त्यांना प्रश्न पडला, तेव्हा राधाकांत नावाच्या पंडितांनी त्यांना सांगितले की तुमच्याकडे हिवाळ्यात कलकत्त्यात खेळ होतात ना, तसेच ते. जोन्सनी आधी शब्दाला शब्द लावत लॅटिनमध्ये आणि मग इंग्रजीत भाषांतर केले. ते १७८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यासमोर बंगाली परंपरेतली प्रत होती, तिच्यात तिसरा अंक लांब आहे. शरीराची उघड वर्णने त्यांनी सौम्य केली. प्रस्तावनेत कालिदासाला भारताचा शेक्सपिअर म्हटले. ते बिरुद अजूनही पाठ्यपुस्तकांत फिरते आणि मला ते नेहमीच खटकते, कारण त्यामुळे त्याच्याकडे त्याच्या स्वतःच्या मापाने पाहण्याची सवय लागत नाही.

गेओर्ग फोर्स्टर यांनी जोन्सच्या इंग्रजीवरून १७९१ मध्ये जर्मन भाषांतर केले आणि ते हेर्डर व ग्योटे यांच्या हाती पडले. पुढे जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे: ग्योटेने त्याच वर्षी चार ओळींची कविता लिहिली. शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या ग्योटेची आख्यायिका आपल्याकडे शाळेपासून ऐकवली जाते. त्या आख्यायिकेपेक्षा मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. ‘फाउस्ट’च्या आरंभी नाट्यगृहातला जो प्रवेश आहे, कंपनीचा चालक, कवी आणि विदूषक यांचा, त्यामागे संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेची कल्पना आहे, असे अभ्यासक मानत आले आहेत. सूत्रधार आणि नटी प्रेक्षकांसमोर येतात, आज कोणते नाटक करायचे याची बोलणी करतात आणि बोलता बोलता नाटक सुरू होते, ही रीत युरोपला नवी होती. खेळ हा खेळ आहे हे उघड सांगूनच त्यात गुंतवून टाकायचे, ही त्यातली गंमत ग्योटेला कळली. दुसरी गोष्ट त्या चार ओळींबद्दलची. त्यांत वसंताच्या फुलांबरोबर शरदातल्या फळांचाही उल्लेख आहे, पृथ्वीबरोबर स्वर्गाचाही. म्हणजे ग्योटेने सातही अंक मनात धरले होते. त्याच्या मागून आलेल्यांनी मात्र फुले तेवढी घेतली.

रवींद्रनाथांनी नेमके इथे बोट ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी शकुंतलेवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी ग्योटेच्या ओळींना अलंकारिक स्तुती न मानता टीका मानले: फूल ते फळ हा या नाटकाचा प्रवास आहे आणि तो दुःखातून जातो. याच निबंधात त्यांनी शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’शी तुलना केली, आणि त्याआधी बंकिमचंद्रांनी मिरांडा व डेस्डिमोना यांच्या शेजारी शकुंतलेला बसवले होते. बंगालमध्ये शकुंतला सर्वांच्या घरात होती. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५४ मध्ये तिची कथा गद्यात लिहिली, तर अवनींद्रनाथांनी १८९५ मध्ये मुलांसाठी. लहानपणी ‘शकुंतला’ हातात आलेले बंगाली वाचक पुढे काय करतात ते ऋत्विक घटकांच्या संदर्भात पाहू.

युरोपातल्या संगीतकारांची कहाणी मला विलक्षण वाटते. शूबर्टने १८२० मध्ये या कथेवर ऑपेरा करायला घेतला, काही भागाचे आराखडे केले आणि सोडून दिला. आपल्या शतकात एका डॅनिश संगीतकाराने त्या आराखड्यांवरून तो ऐकण्याजोगा केला. पॅरिसमध्ये १८५८ साली एर्नेस्त रेये यांच्या संगीतावर बॅले झाला, त्याची संहिता तेओफील गोत्ये यांची. गोल्डमार्क यांचे १८६५ चे वाद्यसंगीत एके काळी खूप लोकप्रिय होते. ऐकायला रसाळ आहे, पण त्यात मुख्यतः अरण्य आणि अनुराग आहे. दरबारातली थंडी नाही.

फ्रांको अल्फानो यांच्या ऑपेराचे जे झाले ते मात्र या नाटकालाच शोभणारे आहे. पुच्चिनीचा अपुरा राहिलेला ‘तुरांदोत’ पूर्ण करणारे हेच ते अल्फानो. त्यांचा शकुंतलेवरचा ऑपेरा १९२१ मध्ये बोलोन्यात झाला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात त्याची वाद्यवृंदाची मूळ प्रत नष्ट झाली, असे समजले गेले. म्हाताऱ्या संगीतकाराने हाताशी उरलेल्या पियानोच्या प्रतीवरून सारे वाद्यसंगीत पुन्हा रचले आणि १९५२ मध्ये रोमला ते नव्याने सादर झाले. त्यांच्या निधनानंतर अर्धशतकाने मूळ प्रत प्रकाशकाच्या दप्तरात सापडली. सहाव्या अंकात दुष्यंत आठवणीतून शकुंतलेचे चित्र काढत बसतो, हे मला इथे आठवल्यावाचून राहत नाही. त्याला चित्रातली उणीव जाणवते: मालिनीच्या वाळूत हंसांची जोडी हवी, दूर हिमालयाचा पायथा हवा, झाडाला टांगलेली वल्कले हवीत, काळविटाच्या शिंगावर डोळा घासणारी हरिणी हवी. हरवलेले परत मिळवण्यासाठी माणूस कलेकडे कसा वळतो आणि ती त्याला पुरेशी कशी होत नाही, याविषयी जगात लिहिलेल्या पहिल्या मोठ्या दृश्यांपैकी ते एक आहे. चित्रातल्या भुंग्याला राजा हाकलू लागतो. ‘अहो, हे चित्र आहे’, असे विदूषकाने म्हटल्यावर तो भानावर येतो आणि पुन्हा एकदा तिला गमावतो.

शिल्पकलेत एकच नाव घ्यावे, पण ते घ्यावेच. कामीय क्लोदेल या फ्रेंच शिल्पकर्तीने १८८८ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात ‘शकुंतला’ हे प्लास्टरमधले शिल्प ठेवले. पुरुष गुडघ्यांवर आहे, वर पाहतो आहे; स्त्री त्याच्यावर झुकली आहे, तिचा एक हात छातीशी आहे. हा सातव्या अंकातला क्षण आहे, पतीने पायाशी येऊन क्षमा मागण्याचा. इतरांनी पहिल्या भेटीची शकुंतला घडवली असती. क्लोदेलने सोसून झाल्यानंतरची घडवली. तिच्या देहात आनंद दिसत नाही, थकवा आणि करुणा दिसते. तिचे नंतरचे आयुष्य, रोदँपासूनचा दुरावा आणि मनोरुग्णालयातली तीस वर्षे, या शिल्पात आधीच वाचण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा. तेवीस वर्षांची शिल्पकर्ती एका संस्कृत नाटकाचा शेवट इतक्या अचूकपणे वाचते, एवढे पुरे आहे.

रशियात तायरोव यांनी मॉस्कोचे कामेर्नी थिएटर १९१४ च्या डिसेंबरात उघडले ते शाकुंतलाने. भाषांतर कवी बाल्मोंत यांचे होते. हुबेहूब वास्तवाच्या रंगभूमीला कंटाळलेल्या त्या दिग्दर्शकाला संकेतांनी चालणारी रंगभूमी हवी होती. रथ नसताना रथ, भुंगा नसताना भुंगा, झारी नसताना झाडांना पाणी घालणे, हे सगळे नटाच्या देहातून उभे करायचे. १९६० मध्ये पोलंडमधल्या ओपोले गावी ग्रोतोव्स्की यांनीही शाकुंतल केले ते याच शोधात. तेव्हा ग्रोतोव्स्कींचे नाव झालेले नव्हते. युरोपच्या आधुनिक रंगभूमीने कालिदासाकडून कथा कमी आणि नटाचे तंत्र जास्त घेतले. हा प्रभाव जर्मन कवींच्या स्तुतीपेक्षा कमी गाजला, पण मला तो अधिक खोल वाटतो.

आता आपल्याकडे येऊ. राजा रविवर्म्यांच्या ‘शकुंतला पत्रलेखन’ या चित्रात ती कमळाच्या पानावर लिहिते आहे आणि सख्या शेजारी आहेत. मद्रासच्या गव्हर्नरांनी ते घेतले आणि मोनियर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या भाषांतरावर ते झळकले. दर्भाचा काटा पायात रुतल्याचे निमित्त करून मागे वळून पाहणारी दुसरी शकुंतला तर कॅलेंडरांतून, आगपेट्यांतून आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवरून घरोघर पोहोचली. १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला तेव्हा पहिले निघालेले चित्रही ‘शकुंतलाजन्म’ होते. मुंबई आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवली इथे छापलेल्या या चित्रांनी देशाला शकुंतलेचा चेहरा दिला. तो चेहरा सुंदर आहे, तलम आहे. पण तो फक्त पहिल्या आणि तिसऱ्या अंकातला आहे. भर दरबारात राजाला ‘अनार्य’ म्हणणारी, संतापाने जिच्या भुवया मोडल्या आहेत अशी शकुंतला कालिदासाने रंगवली होती. ती आपल्या भिंतींवर आली नाही. आली असती तर ‘शकुंतला’ या नावाचा अर्थच आपल्या मनात वेगळा घडला असता, असे मला मनापासून वाटते.

किर्लोस्करांचे ऋण मात्र वेगळ्या जातीचे आहे आणि ते चार अंकांवर मोजता येत नाही. त्यांच्या आधी परशुरामतात्या गोडबोल्यांसारख्यांनी शाकुंतल मराठीत आणले होते, पण ते वाचण्यासाठी. विष्णुदासी खेळांत गाणे मुख्यतः सूत्रधाराच्या तोंडी होते. पात्रे बोलत आणि लढत. अण्णासाहेबांनी एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा गाण्यांनी भरलेला खेळ पाहिला आणि तसे मराठीत करावे असे त्यांच्या मनाने घेतले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पण मग त्यांनी परीकथा न घेता कालिदास का घेतला? मला याचे उत्तर संस्कृत नाटकाच्या घडणीत दिसते. संस्कृत नाटकात पात्र गद्यात बोलता बोलता भाव दाटला की श्लोकात जाते आणि पुन्हा गद्यावर येते. अण्णासाहेबांनी श्लोकाच्या जागी पद ठेवले. साकी, दिंडी, कामदा, लावणीच्या चाली, कर्नाटकी चाली, जे कानाला ओळखीचे होते ते सगळे वापरले. गद्याच्या जागी घरातली मराठी ठेवली. साचा कालिदासाचा, आवाज आपला. बोलण्यातून गाण्यात कधी शिरायचे, किती वेळ राहायचे आणि परत कसे यायचे, हे मराठी संगीत नाटक या एका रूपांतरातून शिकले. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गाणारे नट लाभले म्हणून ते साधले, हेही खरे. ‘सौभद्र’ त्यानंतर दोनच वर्षांनी आले आणि देवलांनी याच शाळेत हात घडवून पुढे ‘शारदा’ लिहिली.

एक बारकावा सांगायला हवा. आजही कित्येक सभागृहांत खेळाच्या आरंभी जी ‘पंचतुंड’ नांदी गातात, ती ‘संगीत शाकुंतल’ची आहे, पण कालिदासाची नाही. त्याची नांदी शिवाच्या आठ मूर्तींवर आहे. अण्णासाहेबांनी स्वतंत्र रचली. म्हणजे मराठी रंगभूमीवर सर्वांत जास्त वेळा उच्चारला गेलेला ‘शाकुंतल’चा भाग मूळ नाटकात नाहीच. प्रभाव असाही चालतो. एखादा थोर नाटककार तुम्हाला ओळी देतो त्यापेक्षा जागा देतो, आणि त्या जागेत तुम्ही तुमचे लिहिता. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये मिरजेला किर्लोस्कर मंडळीत पहिल्यांदा उभे राहिले तेही शकुंतला म्हणूनच.

कालिदासाची बाकीची दोन नाटके या प्रभावात मागे पडली. ‘मालविकाग्निमित्र’ची नायिका विदर्भाची राजकन्या आहे आणि त्यातली नृत्यशिक्षकांची स्पर्धा नर्तकांना आजही प्रिय आहे. ‘विक्रमोर्वशीय’चे देवलांनी संगीत नाटक केले. त्यात उर्वशीला शाप मिळतो तो रंगभूमीवर चुकीचे नाव उच्चारल्याबद्दल: ‘पुरुषोत्तम’ म्हणायचे तिथे तिच्या तोंडून ‘पुरूरवा’ निघते. ‘मेघदूता’तल्या यक्षालाही शापच आहे. रामटेकच्या टेकडीशी जोडलेल्या त्या काव्याची मराठीतली भाषांतरे, चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके यांची, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

चित्रपटाने शकुंतलेला मूकपटाच्या काळापासून धरले. १९४० च्या तमिळ ‘शकुंतलै’मध्ये एम. एस. सुब्बलक्ष्मी होत्या. व्ही. शांतारामांनी राजकमल कलामंदिराचा पहिला चित्रपट म्हणून १९४३ मध्ये ‘शकुंतला’ केला, जयश्री आणि चंद्रमोहन यांना घेऊन. तो अमेरिकेतही दाखवला गेला. १९६१ मध्ये त्यांनी हीच कथा पुन्हा घेतली, संध्याबाईंना नायिका केले, स्वतः दुष्यंत झाले, आणि नाव ठेवले ‘स्त्री’. अठरा वर्षांत शीर्षकातून व्यक्तीचे नाव गेले आणि जात उरली. हिंदी चित्रपटातली लॉकेटे, अर्धी नाणी आणि लहानपणीची गाणी कालिदासाच्या अंगठीची नातवंडे आहेत, असे कोणी म्हणाले तर मी हसून मान डोलावेन, पण लिहून देणार नाही. जातककथा दाखवते तशी ही खूण लोककथेतही वावरत होती.

त्याच १९६१ मध्ये घटकांचा ‘कोमल गांधार’ आला. फाळणीने पूर्व बंगालमधून उखडली गेलेली नाटकवाली माणसे त्यात शाकुंतल बसवताहेत. कण्वाच्या आश्रमातून निघणारी मुलगी आणि देश सोडून निघालेली माणसे एकमेकांत मिसळतात. चौथा अंक केवळ हळवा उरतो असे मी वर म्हटले, त्याला हा चित्रपट माझ्या माहितीतला सर्वांत मोठा अपवाद आहे. पण घटकांना तो अंक असा दिसला, कारण परत जायचे घरच उरलेले नव्हते. पाचवा अंक त्यांच्या पात्रांच्या वाट्याला आधीच आला होता.

आणि मोहन राकेश. १९५८ च्या ‘आषाढ का एक दिन’मध्ये शकुंतला नाही, दुष्यंत नाही; कालिदासच आहे. तो गावातून उज्जयिनीला जातो, मोठा होतो, आणि गावात मल्लिका त्याच्या ग्रंथांच्या प्रती मिळवून वाचत राहते. तिने त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने कोरी पाने शिवून ठेवली आहेत, त्यावर त्याने महाकाव्य लिहावे म्हणून. शेवटी तो परततो तेव्हा त्या पानांवर थेंबांचे डाग आहेत, नखांच्या खुणा आहेत. तो म्हणतो त्याचा आशय असा की ही कोरी कुठे आहेत, यांवर तर लिहून झाले आहे. माझ्या लेखी हीच राकेशांची अंगठी. खूण समोर येते, ओळखही पटते, आणि तरी मधे गेलेला काळ परत येत नाही. आतल्या खोलीतून मल्लिकेच्या मुलीचा आवाज येतो आणि कालिदास निघून जातो. ज्याने राजाला शाप देऊन सोडवले त्या कवीलाच राकेशांनी शापाविना दुष्यंताच्या जागी उभे केले. मणी कौल यांनी १९७१ मध्ये त्यावर चित्रपट केला. शाकुंतलाचे गेल्या शंभर वर्षांतले सर्वांत प्रखर वाचन मला या नाटकात दिसते, आणि ते टीकाकाराने नव्हे तर नाटककाराने केले आहे.

विजया मेहतांनी शाकुंतल मराठीत केले आणि लाइपझिगच्या जर्मन नटांबरोबरही केले. फोर्स्टर आणि ग्योटे यांच्या भूमीत संस्कृत नाटकाचे अंग मराठी दिग्दर्शिकेने शिकवावे, यातला फिरून आलेला प्रवास मला फार सुखावतो. केरळात कावालम नारायण पणिक्करांनी आणि उज्जैनच्या कालिदास समारोहात कितीतरी मंडळींनी ही नाटके देहाच्या भाषेत परत आणली.

पाचव्या अंकात अजून काय शिल्लक आहे, ते पाहून थांबतो. अंकाच्या सुरुवातीला पडद्याआडून गाणे येते. हंसपदिका नावाची राणी गाते आहे, एकदा आंब्याच्या मोहराला बिलगून कमळात रमलेल्या भुंग्याविषयी. राजाने कधीकाळी तिच्यावर प्रेम केले आणि तो तिला विसरला. इथे दुर्वास नाहीत, शाप नाही. रवींद्रनाथांना हे दिसले होते: शापाने जे घडले असे नाटक म्हणते, त्याचे बीज राजाच्या स्वभावात होते, हे कवी या एका गाण्यातून सांगून जातो. गाणे ऐकून राजा कारण नसताना व्याकूळ होतो, जणू मागच्या जन्मीचे काही आठवते आहे.

त्या गाण्याची भाषा महाराष्ट्री प्राकृत आहे. संस्कृत नाटकाचा संकेत असा की स्त्रिया बोलतात शौरसेनीत आणि गातात महाराष्ट्रीत. आपल्या मराठीची पूर्वज कालिदासाच्या रंगमंचावर होती, आणि ती होती गाण्यासाठी. विसरलेल्या राजाच्या मनाला जी एकमेव गोष्ट हलवते, ती या भाषेत आली आहे. अण्णासाहेबांनी मराठी पात्रांच्या तोंडी गाणे ठेवले तेव्हा हे त्यांच्या मनात होते की नाही, याने काही बिघडत नाही.

गाणे संपल्यावर राजा विदूषकाला तिची समजूत घालायला पाठवतो. हा विदूषक राजाशिवाय राजवाड्यातला एकटा माणूस, ज्याने दुसऱ्या अंकात शकुंतलेचे नाव ऐकले होते. तो कुरकुरत आत जातो. लगेच वर्दी येते की हिमालयाच्या पायथ्याच्या आश्रमातून काही तपस्वी आले आहेत, आणि बरोबर स्त्रिया आहेत. साक्षीदार आत आहे, अंगठी माशाच्या पोटात आहे, आणि दारातून शकुंतला येते आहे. हंसपदिका मात्र पुढे कधीच रंगमंचावर येत नाही.